बुडालेल्या बोटीतून नेमकं काय बाहेर आलं? : 'कार्नाटिक'च्या गोष्टीची चिकित्सा



गेल्या आठवड्यात कोर्सवर्कच्या वर्गाबाहेर एका ज्युनियरने गाठलं. "ताई, विषयावर सापडलं ते सगळं वाचलं. सगळे एकच सांगतात. मग मी नवीन काय लिहू?" हा प्रश्न 'पेट' पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाला पडतो. मलाही पडला होता. आज त्याचं उत्तर देते, पण पद्धतीचं व्याख्यान देत नाही. एक गोष्ट घेते आणि ती तुमच्यासमोर शिवण उसवल्यासारखी उसवते. गोष्ट एका आगबोटीची आहे. ती लाल समुद्रात बुडाली आणि तिच्यातला पैसा पुन्हा वर काढला गेला.

सोलापूरची मुलगी आणि बोटी? हे मला आरआरसीतही विचारलं गेलं. माझा विषय एकोणिसाव्या शतकातला सोलापूरचा कापडबाजार. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली. त्यानंतर मुंबईच्या गोदीत काय उतरलं, त्याचा परिणाम इथल्या बाजारात जाणवू लागला. म्हणून मुंबईला येणाऱ्या बोटी वाचाव्या लागल्या. त्यात 'कार्नाटिक' भेटली.

आधी गोष्ट, जशी सांगतात तशी

'कार्नाटिक' ही पी अँड ओ कंपनीची प्रवासी आगबोट. लंडनच्या समुदा ब्रदर्सनी बांधलेली, १८६२ च्या अखेरीस पाण्यात उतरलेली. लांबी जवळपास २९५ फूट. त्या काळच्या बहुतेक आगबोटींप्रमाणे तिला इंजिनही होतं आणि शिडंही होती. सुएझ कालवा अजून उघडायचा होता. इंग्लंडहून येणारी माणसं आणि टपाल अलेक्झांड्रियाला उतरायचं, आगगाडीने सुएझला यायचं आणि तिथून दुसऱ्या बोटीने मुंबईला. 'कार्नाटिक' या शेवटच्या टप्प्यावर होती.

१२ सप्टेंबर १८६९ ला सकाळी ती सुएझहून निघाली. नेहमीच्या वर्णनांनुसार बोटीवर ३४ प्रवासी आणि १७६ नोकरमाणसं. माल म्हणजे सुती गाठी, तांब्याचे पत्रे, टपाल आणि हिंदुस्थानातल्या टाकसाळीसाठी ४०,००० पौंडांची नाणी. तेव्हाचा भाव धरला, एक पौंड म्हणजे साधारण दहा रुपये, तर हे चार लाख रुपये झाले.

मध्यरात्र उलटल्यावर बोट शाब अबू नुहास नावाच्या प्रवाळखडकावर चढली. कॅप्टन जोन्सना वाटलं, पंप चालू आहेत, बोट तग धरेल, आणि कंपनीचीच 'सुमात्रा' नावाची बोट या वाटेने येणार आहे. प्रवाशांनी जवळच्या शदवान बेटावर सोडा म्हणून विनवलं. त्यांनी ऐकलं नाही. दिवस गेला. संध्याकाळी जेवणं नेहमीसारखी झाली. रात्री पाणी वाढलं आणि बॉयलर विझले. १४ तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला बोट सोडायचं ठरलं. बायका पहिल्या होडीत चढत होत्या तेवढ्यात 'कार्नाटिक' मधोमध मोडली. ३१ माणसं गेली. उरलेली होड्यांतून शदवानला पोचली आणि 'सुमात्रा'ने त्यांना उचललं. पुढे चौकशी झाली, कॅप्टनचं प्रमाणपत्र नऊ महिन्यांसाठी निलंबित झालं.

मग दुसरा अंक. लंडनच्या लॉइड्सच्या विमेकऱ्यांनी कॅप्टन हेन्री ग्रँट यांना खडकावर पाठवलं. स्टीफन सॅफरी नावाचा पाणबुड्या त्यांच्या मदतीला होता. त्याने आधी टपालाच्या थैल्या वर काढल्या, मग पैसा. अधिकृत आकडा ३२,००० पौंड. उरलेल्या ८,००० चं काय, यावर आजतागायत दंतकथा चालू आहेत.

माझ्या पहिल्या मसुद्यात ही गोष्ट दीड पानात अगदी अशीच होती. शेवटचं वाक्य मोठ्या हौसेने लिहिलं होतं: "आजही ८,००० पौंडांचं सोनं लाल समुद्राच्या तळाशी पडून आहे." गाइड मॅडमनी मसुदा परत दिला तेव्हा त्या वाक्याभोवती पेन्सिलचा गोल होता आणि बाजूला एकच शब्द: "कोणी पाहिलं?"

त्या गोलापासून माझं खरं वाचन सुरू झालं.

पहिली शिवण : तारीख

सोपं टोक आधी धरू. 'कार्नाटिक' कधी बुडाली? एका ठिकाणी १२ सप्टेंबर दिसेल, दुसरीकडे १३, तिसरीकडे १४. नवशिका संशोधक म्हणतो, दोन संदर्भ चुकले. मग तो बहुमत बघतो आणि एक तारीख ठेवतो.

पण गोष्ट पुन्हा वाचा. १२ ला बोट निघाली, १३ च्या पहाटे आपटली, १४ ला मोडली. प्रत्येक तारखेला काहीतरी घडलेलंच आहे. 'बुडाली' हा एकच शब्द तीन घटनांवर पांघरूण घालतोय. आणि या पांघरुणाखाली गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग लपतो: आपटणं आणि मोडणं यांच्यामध्ये दीड दिवस होता. दीड दिवसात सगळ्यांना बेटावर नेता आलं असतं. खडकाने बोट फोडली, पण ३१ जीव त्या दीड दिवसात गेले. एकच तारीख लिहिली की तो वेळच गायब होतो आणि 'अपघात' उरतो.

म्हणून संदर्भांत आकडे जुळले नाहीत की लगेच 'चूक' म्हणू नका. आधी विचारा, हे दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का?

याचाच धाकटा भाऊ म्हणजे नावाचा घोटाळा. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी मराठीत वाचली असेल. तिच्यात 'कार्नाटिक' नावाची बोट हाँगकाँगहून योकोहामाला जाते. कादंबरीतला काळ १८७२ चा. म्हणजे आपली बोट बुडून तीन वर्षं झालेली! कादंबरीकाराला हे स्वातंत्र्य आहे. तुम्हाला नाही. डिजिटल संग्रहात 'कार्नाटिक' टाकलंत तर कादंबरीवरचे लेख, त्याच नावाच्या दुसऱ्या बोटी आणि दख्खनचा कर्नाटक प्रांत, सगळं एका पिशवीत येईल. ब्रिटिश नोंदणीत १८५५ पासून प्रत्येक बोटीला स्वतंत्र अधिकृत क्रमांक असायचा. बोट शोधायची तर नाव, वर्ष आणि क्रमांक तिन्ही जुळले पाहिजेत. तुमच्या विषयात बोट नसेल, पण एकाच नावाची दोन गावं, दोन संस्था, दोन लेखक नक्की असतील.

दुसरी शिवण : गाठी

ही शिवण मला दिसलीच नव्हती. ती वडिलांनी दाखवली.

वडील यंत्रमागावर काम करतात. एकदा रात्री जेवताना मी त्यांना मसुद्यातली गोष्ट सांगत होते. "बोटीत सुती गाठी होत्या, तांब्याचे पत्रे होते..." त्यांनी घास हातात धरून विचारलं, "कसल्या गाठी गं? रुईच्या का कापडाच्या?"

मी म्हटलं, "तिथं नुसतं सुती गाठी लिहिलंय."

"बोट कुठून कुठं चालली होती?"

"इंग्लंडकडचा माल. सुएझहून मुंबईला."

"मग रुई कशाला येईल? रुई तर इकडून तिकडं जायची."

एवढं बोलून ते जेवायला लागले. मला मात्र पुढचा घास जाईना. सरळ आहे ना. त्या काळात कच्चा कापूस मुंबईहून इंग्लंडला जायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५, याच व्यापाराने मुंबई पैशात लोळली आणि मग आपटली. उलट दिशेने यायचं ते गिरणीचं कापड आणि सूत. मुंबईकडे निघालेल्या बोटीतल्या 'सुती गाठी' बहुधा तयार मालाच्या असणार. इंग्रजीत दोन्हींना एकाच शब्दात गुंडाळता येतं. मीही तो शब्द तसाच्या तसा मराठीत आणून ठेवला होता. सोलापुरात जन्मून!

आता हा फरक किरकोळ नाही. रुई म्हटलं की ती बोट व्यापाराचं एक निनावी पोतं होते. कापड म्हटलं की ती माझ्या विषयाच्या दारात येऊन उभी राहते, कारण विणकराशी स्पर्धा करणारा माल तोच. सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला आपण अजून 'जुनी गिरणी' म्हणतो, ती निघाली १८७० च्या दशकात. तोपर्यंत इथला हातमाग या बाहेरच्या गाठींशी झुंजत होता.

'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय, तुम्हीही ठेवायला शिका. दिशेवरून काढलेलं अनुमान हे अनुमानच असतं. ते पक्कं करायला मालाची यादी बघावी लागते. पण यादी बघायची गरज आहे, हे कळलं ते एका विणकराच्या प्रश्नामुळे. तुमच्या घरात, गल्लीत, शेतात जे ज्ञान आहे ते संशोधनाबाहेरचं समजू नका. ग्रंथालयातल्या पुस्तकाला जे दिसत नाही ते त्याला दिसू शकतं.

तिसरी शिवण : सोनं

आता मॅडमच्या गोलाकडे. ४०,००० वजा ३२,००० बरोबर ८,०००. गणित बरोबर आहे. निष्कर्ष मात्र गणितातून येत नाही.

पाठवले ४०,०००, निघाले ३२,०००. या दोन आकड्यांत फरक पडायची किती कारणं असू शकतात ते मी वहीत लिहून काढलं. एक, पैसा खरंच तळाशी राहिला. दोन, तो इतर कोणीतरी काढला आणि सांगितलं नाही. तीन, ४०,००० हा आकडाच गोल केलेला होता. असे गोल आकडे दिसले की सावध व्हा. चार, ३२,००० हा एका विशिष्ट दिवसापर्यंतचा आकडा असेल आणि नंतरची भर वेगळ्या कागदावर असेल. पाच, एक आकडा खर्च आणि बक्षीस वजा करून असेल, दुसरा न करता. पाच शक्यतांपैकी लोकांनी पहिली उचलली, कारण ती सांगायला मजा येते. मीही तेच केलं होतं.

आणखी एक बघा. काही ठिकाणी 'सोनं' लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नुसती 'नाणी'. या दोन शब्दांत अंतर आहे. १८६९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचं चलन चांदीच्या रुपयावर चालत होतं. मग टाकसाळीसाठी जाणारी नाणी सोन्याचीच कशावरून? असतीलही. पण ते दाखवावं लागेल. इंग्लंडातली त्या वेळची वर्तमानपत्रं कोणत्या बोटीने किती नाणी गेली याचे आकडे छापत, त्यात सोनं आणि चांदी वेगळी दाखवत. म्हणजे शोधायला जागा आहे. 'समुद्रात बुडालेलं सोनं' हा शब्दप्रयोग कानाला इतका ओळखीचा आहे की आपण तपासतच नाही.

याच खडकाच्या नावात एक उलटी साक्ष आहे. अरबीत 'नुहास' म्हणजे तांबं. अबू नुहास, तांब्याचा बाप. या नावाचा संबंध 'कार्नाटिक'मधल्या तांब्याच्या पत्र्यांशी जोडला जातो. तसं असेल तर मजाच आहे: लंडनला सोनं आठवलं आणि तिथल्या दर्यावर्दींना तांबं. पण मोहात पडू नका. १८६९ च्या आधीच्या नकाशावर हे नाव सापडलं तर ही सुंदर गोष्ट एका क्षणात कोसळेल. संशोधकाने आपल्या आवडत्या गोष्टीलाच आधी ठोकून बघायचं असतं.

चौथी शिवण : जेवण कोणी वाढलं?

"संध्याकाळी जेवणं नेहमीसारखी झाली." हे वाक्य प्रत्येक वर्णनात या ना त्या रूपात येतं. कॅप्टनचा फाजील आत्मविश्वास दाखवायला ते वापरतात. मी ते पाच-सहा वेळा वाचलं आणि पुढे गेले. मग एकदा अडकले. झाली म्हणजे? खडकावर तिरक्या पडलेल्या बोटीत भटारखाना कोणी पेटवला? ताटं कोणी लावली? त्याच वेळी खाली पाणी वाढत असताना पंपावर कोण होतं?

सगळी वर्णनं जेवणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहेत. वाढणारा त्यांत नाही.

मृतांच्या आकड्याचंही तसंच. ३१ पैकी ५ प्रवासी, २६ नोकरमाणसं. हे वाचून मी तडक लिहून टाकलं होतं की गरीब खलाशी जास्त मेले, साहेब वाचले. वाक्य जोरकस होतं. मग कॅल्क्युलेटर काढला. ३४ पैकी ५ म्हणजे साधारण १५ टक्के. १७६ पैकी २६ म्हणजेही साधारण १५ टक्के. माझं वाक्य गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आपल्या मनातली बाजू न्याय्य असली तरी आकड्याला तिच्यासाठी वाकवता येत नाही. हा नियम सोन्याच्या दंतकथेला लावायचा आणि स्वतःच्या वाक्याला नाही, असं चालत नाही.

खरा फरक मरणात नव्हता, नोंदीत होता. कोणत्याही वर्णनात बघा: कॅप्टनचं नाव आहे. विमेकऱ्यांच्या माणसाचं आहे. पाणबुड्याचं आहे. मदतीला आलेल्या बोटीचं आहे. २६ हा मात्र नुसता आकडा.

सुएझच्या पूर्वेकडे चालणाऱ्या पी अँड ओच्या बोटींवर हिंदी खलाशांची भरती मुख्यतः मुंबईतून व्हायची. डेकवर कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे, सारंग आणि टंडेल यांच्या हाताखाली. इंजिनखोलीत भट्टीपुढे सीदी आणि इतर आगवाले. खाणंपिणं सांभाळायला गोव्याची माणसं. म्हणजे जेवण वाढणारा कदाचित कोकणी बोलणारा होता आणि दोरखंड ओढणारा कदाचित रत्नागिरीकडचा. पुन्हा 'कदाचित' बघा. कंपनीची सर्वसाधारण रीत माहीत असणं म्हणजे या एका बोटीवर त्या दिवशी कोण होतं ते माहीत असणं नव्हे. सर्वसाधारण विधान पुराव्याकडे बोट दाखवतं. पुराव्याच्या जागी ते बसवता येत नाही.

कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्मला?

आता माझं मुख्य म्हणणं सांगते. ज्युनियरच्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

प्रत्येक कागद कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर म्हणून तयार होतो. चौकशी न्यायालयाने विचारलं: चूक कोणाची? उत्तर आलं: कॅप्टनची, नऊ महिने. विमेकऱ्यांनी विचारलं: किती पैसे परत आले? उत्तर आलं: ३२,०००. प्रवाशाच्या घरच्यांनी विचारलं: तू काय भोगलंस? त्याची पत्रं आणि बातम्या झाल्या. तो २६ वा माणूस कोण, त्याच्या घरी कोणी कळवलं, त्याचा थकलेला पगार कोणाला मिळाला, हे विचारणारा लंडनमध्ये कोणी बसला नव्हता. म्हणून नेहमीच्या गोष्टीत त्याचं उत्तरही नाही.

सॅल्व्हेजचा, म्हणजे बुडीत माल काढण्याचा, धंदाही याच तत्त्वावर चालतो. सागरी कायद्याच्या जुन्या परंपरेत वाचवणाऱ्याला बक्षीस मिळतं ते वाचवलेल्या मालाच्या किमतीतून. माल निघाला तर पैसे. ज्याची किंमत कोणीतरी मोजणार आहे तेवढंच वर येतं. कागदांचं तसंच झालंय. तुमचे सगळे संदर्भ 'एकच सांगतात' कारण ते एकाच सॅल्व्हेजमधून निघालेत. नवीन काय लिहू, तर जो प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही तो विचारा आणि त्याचं उत्तर चुकून कुठे सांडलंय का ते शोधा.

चुकून सांडतं, हे खरं आहे. ब्रिटिश बोटींवर नोकरमाणसांशी लेखी करार होत आणि त्यांच्या याद्या सरकारजमा होत. १८६३ ते १९३८ या काळातल्या अशा याद्यांचा सुमारे सत्तर टक्के हिस्सा आज कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. तिथे कसा गेला? तर ब्रिटनमधल्या दप्तरखान्याला एवढा ढीग सांभाळायचा नव्हता. नमुन्याला दहा टक्के ठेवून बाकी नष्ट करायचं चाललं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या विद्यापीठाने तो ढीग उचलला. हेही सॅल्व्हेजच, फक्त इथे सोनं नव्हतं. त्या याद्यांतही हिंदी खलाशांची नोंद बऱ्याचदा तुटक असते, कधी एका सारंगाच्या नावामागे नुसती संख्या. तरी दार आहे. दुसरं दार मुंबईत: एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला महाराष्ट्र राज्य पुराभिलेख. तिसरं म्हणजे १८६९ मध्ये चालू असलेली 'ज्ञानप्रकाश' आणि 'इंदुप्रकाश' यांसारखी आपली पत्रं. मुंबईला यायची बोट आली नाही, तर धक्क्यावर वाट बघणाऱ्यांची बातमी लंडनपेक्षा इथे आधी व्हायला हवी.

'रामदास' शेजारी ठेवून बघा

तुलनेसाठी आपल्या किनाऱ्यावरची बोट घ्या. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कळेपर्यंत संध्याकाळ होत आली होती. तिच्यात टाकसाळीचे पैसे नव्हते. पण रायगडच्या गावांत ती बोट अजून आठवली जाते: कोणाचे आजोबा, कोणाची आत्या, कोणाचं अख्खं घर.

इथे माणसं आठवतात, पण एकूण आकडा लेखागणिक बदलतो. 'कार्नाटिक'मध्ये आकडा पक्का, पण माणसं नाहीत. दोन्हीकडे काहीतरी वर आलंय आणि काहीतरी तळाशी आहे. 'रामदास'वर काम करणाऱ्याने कागदाकडे जावं आणि 'कार्नाटिक'वर काम करणाऱ्याने माणसांकडे. ज्या बाजूला ढीग आहे तिथेच आणखी उकरत बसण्यात अर्थ नाही.

हे मला एवढं का लागलं

शेवटी एक घरातली गोष्ट. माझे आजोबा सोलापूरच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे सकाळी फाटकावर उभं राहायचं, कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत जायचं. गिरणी बंद पडली तेव्हा एकेका मशिनची यादी झाली. किती साचे, किती स्पिंडल, किती मण भंगार, सगळं लिहून लिलाव झाला. आजोबा आपल्या थकबाकीसाठी गेले तेव्हा त्यांना विचारलं गेलं, मस्टरवर नाव दाखवा. मस्टर सापडलं नाही. भंगाराची यादी मात्र टेबलावर होती.

मी लहान होते, मला ते फक्त घरातलं भांडण म्हणून आठवतं. 'कार्नाटिक'चं ३२,००० आणि २६ शेजारी शेजारी लिहिले तेव्हा ते टेबल पहिल्यांदा नीट दिसलं. माझ्या मसुद्यातलं सोन्याचं वाक्य मी खोडलं. त्या जागी आता आहे: "बोटीवरील २६ नोकरमाणसांचा मृत्यू झाला, त्यांच्या ओळखीचा शोध हे या प्रकरणाचं उद्दिष्ट आहे." मॅडमनी यावरही गोल केलाय. यावेळी बाजूला लिहिलंय: "पद्धत?" म्हणजे काम पुढे सरकतंय.

तर, या आठवड्याचा अभ्यास. तुमच्या विषयात सगळे जण सांगतात असा एक आकडा घ्या. वहीच्या पानावर चार प्रश्न लिहा. हा आकडा पहिल्यांदा कोणत्या कागदावर आला? तो कागद कोणी, कोणत्या गरजेपोटी तयार केला? आकड्यामागचा शब्द, जसा माझ्या बाबतीत 'गाठी' किंवा 'सोनं', मूळ भाषेत काय होता? आणि या कागदात कोणाचं नाव असायला हवं होतं, पण नाही? चौथ्याच्या उत्तरापाशी थांबा. बऱ्याचदा सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य तिथेच सापडतं.

आणि हो, मसुदा झाला की घरच्यांना वाचून दाखवा. जेवताना दाखवलात तर उत्तम.

भेटू पुढच्या लेखात.